इत्तोची आठ रांगांची बाग

इत्तोने फांदीवरचं सफरचंद हातात फिरवलं. उगवतीची बाजू लालभडक, मावळतीची करपलेली, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. आठही रांगांत तेच. उद्या व्यापाऱ्याचा ट्रक येणार होता, आणि करपलेल्या फळाला तो हातही लावत नसे. वर्षाचं एकुलतं पीक गुरांपुढे जाणार होतं.

खाली बास्सूची बाग. पाटाचं पाणी तेच, अ‍ॅटलास डोंगराच्या उंचीवरचं जाळणारं ऊनही तेच. पण त्याच्या फळाला एक डाग नाही. इत्तोच्या अंगाचा तिळपापड झाला. बास्सू पक्का आळशी. फवारणीच्या दिवशीही आधी चहा ढोसत बसायचा, मग कसाबसा पंप मारायचा. तिने मात्र एक पाळी चुकवली नव्हती. अंगात ताप असतानाही पाठीवर पंप चढवला होता.

दोघांना फवारणीच्या औषधाच्या बाटल्या दिल्या होत्या हद्दूने. त्याची आई बाळंतपणात गेली, तेव्हा इत्तोने त्याला स्वतःच्या लेकीबरोबर अंगावर पाजलं होतं. तो तिला इम्मा, म्हणजे आईच म्हणायचा. या खोऱ्यात दुधाच्या माणसाला कुणी फसवत नाही आणि त्याच्यावर कुणी संशयही घेत नाही. आता तो शहरात शेतीतलं संशोधन करत होता. "यात संजीवक आहे, इम्मा. उन्हातल्या जहाल किरणांशी झाड आतून झुंजतं," एवढंच तो म्हणाला होता. तिला तेवढं पुरे होतं.

दुपारी हद्दू आला, वही काढून फळं पाहू लागला. आता हा कपाळावर हात मारणार, असं इत्तोला वाटलं. पण त्याचा चेहरा खुलला.

"वा! अगदी हवं तसं!"

"हवं तसं? बाग करपली रे माझी!"

हद्दूने जीभ चावली. मग खालमानेने म्हणाला, "औषधाचा गुण सिद्ध करायला एका बागेत नुसतं पाणी मारावं लागतं, इम्मा. रंग घातलेलं."

इत्तो मटकन बांधावर बसली. राग यायच्या आधी तिला रडूच कोसळलं.

"सगळं खोरं पडलं होतं ना तुला? बास्सू होता. मीच सापडले? माझं दूध प्यायलास रे!"

"म्हणूनच," हद्दू म्हणाला. "बाकी कुणीही थेंबभर जिभेवर ठेवून पाहिलं असतं आणि नुसतं पाणी ओळखलं असतं. मी दिलेलं तू चाखून बघणार नाहीस, हे मला ठाऊक होतं."