साखरपुड्याचा टिळा

मुकुंदरावांनी ओल्या कुंकवात बोट बुडवलं, भावी जावयाच्या कपाळाकडे नेलं आणि त्यांचा हात थरथरायला लागला.

"कुपी रिकामी झाली असेल," त्यांची बायको पुटपुटली.

"नाही गं आई, कालच दवाखान्यात नेऊन भरून घेतली मी," जुई म्हणाली.

कंपवाताच्या औषधाची ती कुपी मुकुंदरावांच्या गळ्याखाली, कातडीच्या आत बसवलेली होती. ती घड्याळावर चालत नसे. एखादं काम करायचं असं माणसाने मनापासून ठरवलं, की मेंदूतला इशारा ओळखून ती औषध सोडायची आणि हात स्थिर व्हायचा. आज सकाळी याच हाताने त्यांनी वस्तऱ्याने दाढी केली होती.

जुईने निवडलेला मुलगा जातीबाहेरचा म्हणून ते वर्षभर अडून बसले होते. मागच्या महिन्यात अचानक म्हणाले, "माझी काही हरकत नाही." घरात सगळ्यांनी ते खरं धरलं.

"सावकाश होऊ द्या, काका," निनाद मान पुढे करून म्हणाला.

बोट टेकलं ते भुवईवर. कुंकू पापणीपर्यंत ओघळलं. जमलेल्या पाहुण्यांपैकी कोणीच हसलं नाही. कुपी कशी चालते, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"थांब, पुसतो," मुकुंदराव म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याची नीट घडी घातली आणि भुवईवरचं, पापणीवरचं कुंकू हळुवारपणे पुसून टाकलं.

जुई त्या हाताकडे बघत होती. तो जराही हलत नव्हता.