फिल्मखालची रेघ

"या फिल्मखाली काय दडवलंय ते आधी कळू दे, मग भावाचं बोलू," असं म्हणून फिल्मवालीच्या दुकानात टॉर्चवाले काका भर दुपारी टॉर्च लावून बॉनेटवर वाकले.

गाडी शिवणकामवाल्या काकूंची. नऊ वर्षांपूर्वी, नवी कोरी असताना, त्यांनी तिच्यावर पारदर्शक फिल्म चढवून घेतली होती. पेंटला ओरखडा उठू नये आणि पुढंमागं विकताना चार पैसे जास्त यावेत, म्हणून. आता त्या फिल्मनेच घात केला होता. ऊन खाऊन ती अशी पिवळी पडली होती की पांढऱ्या गाडीला कावीळ झाल्यासारखी वाटत होती. दोन गिऱ्हाइकांनी लांबूनच काढता पाय घेतला. हे तिसरे. काकूंचे गुडघे आता क्लच दाबू देत नव्हते. गाडी विकून आपल्या दुकानात दुसरं शिवणाचं मशीन घ्यायचं आणि मदतीला कुणीतरी ठेवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"काढ गं ती साल एकदाची," काकू म्हणाल्या.

फिल्मवालीने गरम हवेचं मशीन उचललं, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ही फिल्म तिनेच लावली होती. फिल्म लावलेली ही तिची पहिलीच गाडी. आज तिच्या दुकानाच्या पाटीवर ठसठशीत लिहिलेलं आहे, 'गाडीवर ब्लेड लावत नाही'. ती कागदावर माप घेते आणि फिल्म टेबलावर कापते. पण हे शहाणपण आलं ते या गाडीनंतर. त्या दिवशी तिने फिल्म बॉनेटवर अंथरली, तिथंच ब्लेड चालवलं आणि ब्लेड खालच्या पेंटमध्ये उतरलं. डाव्या दिव्याच्या वर, वीतभर रेघ. घाबरून तिने तो तुकडा काढला, नवा अखंड तुकडा चढवला आणि गप्प बसली. रेघ खोल गेली असेल तर आता तिथं गंज असणार. मग हे गिऱ्हाईकही जाणार, आणि काकूंना तोंड कसं दाखवायचं?

तिने उजवीकडून सुरुवात केली. आधी ऊब द्यायची, मग फिल्म जमिनीला समांतर धरून बोटभर बोटभर ओढायची.

"पेंटसकट नाही ना येणार?" काकांनी विचारलं.

"कंपनीचा पेंट असेल तर धरून राहतो. मागाहून कुठं रंगवलं असेल, तर तो रंग फिल्मबरोबर येऊ शकतो."

"म्हणजे खरंखोटं आजच कळणार!" काका भलतेच खूष झाले.

फिल्म निघत गेली तसतसा खालून लख्ख पांढरा रंग वर येत गेला. एक टवकासुद्धा उडाला नाही. काकूंचा चेहरा हळूहळू खुलला. डाव्या दिव्यापाशी वीतभर फिल्म उरली, तेवढ्यात काकांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत बाहेर रस्त्यावर गेले.

पॉलिशची बाटली फिल्मवालीच्या हाताशीच होती. तेवढी फिल्म ओढून दोन मिनिटं घासलं असतं तर रेघ दिसेनाशी झाली असती, निदान गाडी दोनदा धुतली जाईपर्यंत. तिने बाटलीचं बूच काढलं. पाटीकडे पाहिलं. मग बूच लावून बाटली मागे सरकवली आणि काकांची वाट बघत उभी राहिली.

काका परत आले. "काका, टॉर्च इकडे आणा," ती म्हणाली. "इथं एक रेघ निघणार आहे. माझ्या ब्लेडची. काकूंना यातलं काही माहीत नाही. चूक माझी आहे, आणि मी नऊ वर्षं तोंड उघडलं नाही."

"माहीत कसं नाही?" काकू म्हणाल्या. "गाडी घरी नेली त्याच संध्याकाळी दिसली मला. चाळीस वर्षं कात्री चालवतेय, कापलेलं मला कळणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"माझ्या पहिल्या कोटाला मी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या होत्या. ज्याचा होता तो बिचारा तस्साच घालून फिरला, आणि पुढचा कोटही माझ्याकडेच शिवायला टाकला. मी तुला काय बोलणार? पण तू कधी बोलतेस, याची वाट मात्र पाहत होते हं."

फिल्मवालीला एकदम भरून आलं. तिने बाहीने डोळे पुसले आणि उरलेली फिल्म ओढली.

रेघ होती. केसाएवढी, पण स्वच्छ. गंजाचा ठिपकाही नव्हता. फिल्मने नऊ वर्षं तिला पाणीच लागू दिलं नव्हतं. काकांनी टॉर्च अगदी जवळ नेला, नखाने रेघ चाचपली, चष्मा वर करून पुन्हा पाहिली.

"मी भरून देते आत्ताच्या आत्ता," फिल्मवाली घाईघाईने म्हणाली.

"राहू दे ती. आजवर सोळा गाड्या बघितल्या. सगळ्यांतले दोष मलाच हुडकावे लागले. हा पहिलाच, न विचारता कळला." काका सरळ उभे राहिले आणि काकूंकडे वळले. "हं, बोला आता भावाचं."

"अहो, पण दरवाजे राहिलेत! त्यांच्यावरची फिल्म निघायचीय अजून," काकू म्हणाल्या. "तिथं नाही बघायचं?"

काकांनी टॉर्च बंद केला आणि खिशात टाकला.

"काय असेल ते ही पोरगी सांगेल की."