एक काढ, एक लाव

"एक काढ, एक लाव. चारही वायरी एकदम काढल्यास तर कुठली कुठे लावायची ते कळायचं नाय, वाट लागली म्हणून समज."

जयवंतने हे सकाळपासून इतक्यांदा ऐकवलं होतं की जानकीचे कान किटले होते. टेम्पोचं इंजिन सीटखाली. सीट उचलून ती आत वाकली होती आणि नवरा बाहेर, चाळीच्या भिंतीला टेकून प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. उजवा हात गळ्यातल्या झोळीत. आभाळ कोंदलेलं होतं आणि विक्रोळीच्या खाडीवरून चिखलाचा वास येत होता.

प्लग तिनेच बदलले. लग्न झाल्यापासून गाडीचं काम निघालं की बॅटरीचा उजेड धरून उभं राहायचं तिच्याच नशिबी होतं. आता हातही तिचेच.

"जुना प्लग बघू एक."

तिने दिला. त्याने तो डाव्या हातात फिरवून पाहिला. टोकाला काजळी धरली होती. "गाडी अडखळत मिसिंग मारणार नाय तर काय करणार? आता बघ, झकास पळते की नाय. पुढच्या आठवड्यात मार्केटला नेतो."

"हात बरा होऊ दे आधी."

"गिअर डाव्यानेच टाकतात गो. स्टेअरिंग काय, दोन बोटांनी फिरतं."

"आणि फिट आली म्हणजे?"

हा शब्द घरात कोणी काढत नसे. जयवंत प्लगवरची काजळी नखाने खरवडत राहिला. "गोळ्या चालू आहेत ना? आणि ती एकदाच आली."

एकदाच. त्या एकदाच आलेल्या फिटमध्ये टेम्पो दुभाजकावर चढला आणि खांदा मोडला तो याचा एकट्याचा. कारण शाळा सुटलेली पोरं तेवढ्यात रस्ता ओलांडून गेली होती. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे गाडी चालवायची नाही. जानकीने विनवून पाहिलं, भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. पलीकडच्या गल्लीतला हर्षद टेम्पो विकत घ्यायला तयार होता, दोनदा विचारून गेला होता. जयवंतने त्याला चहासुद्धा देऊ दिला नाही. ती पोरं मात्र जानकीच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. तिने त्यांना कधी पाहिलंही नव्हतं, तरी.

"वायरी घे आता. पहिली काढ."

तिने पहिल्या वायरीची रबरी टोपी ओढली. टप् करून निघाली. नवी वायर मांडीवर तयार होती. ती लावायची सोडून जानकीने दुसऱ्या वायरीला हात घातला.

टप्.

बाहेर जयवंत काहीतरी सांगत होता, तो मध्येच थांबला. खुर्ची करकरली. आता ओरडेल म्हणून जानकी श्वास रोखून बसली. तो ओरडला नाही.

तिने नव्या वायरी लावल्या त्या उलट्या, पहिलीच्या जागी दुसरी आणि दुसरीच्या जागी पहिली. त्याने ही गाडी पोटच्या पोरीसारखी जपली होती, दसऱ्याला हार घालताना तिच्याशी बोलायचासुद्धा. आणि आपण त्याच्या पाठीमागे नाही, त्याच्या समोर बसून हे करतोय, या विचाराने ती रडायच्या बेतात आली. उरलेल्या दोन वायरी तिने अगदी नेमाने बदलल्या. एक काढली, एक लावली.

"झालं?"

"झालं."

"एकेकच काढलीस ना गो?"

"हो, एकेकच."

संसारात इकडची तिकडची थाप ती मारत आली होती, पण गाडीच्या बाबतीत आजवर कधी नाही.

सीट जागेवर बसली. जयवंत कसाबसा चढला, डावा हात वळवून त्याने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, टेम्पो तापात हुडहुडी भरल्यासारखा हलला, फाट् फाट् दोन बार निघाले आणि सगळं बंद पडलं. त्याने पुन्हा किल्ली मारली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने मारलीच नाही. दुसऱ्याची गाडी गल्लीतून नुसती गेली तरी तिला काय झालंय ते घरात बसून सांगणारा माणूस, स्टेअरिंगवर हात ठेवून मान खाली घालून बसला.

वरच्या गॅलरीतून नीलाकाकींनी डोकावून विचारलं, "काय रे जयवंता, नाय झाली चालू?"

"नाय गो काकी. म्हातारी झाली आता."

आवाज नेहमीचाच होता. जानकीला वाटलं, पायाखालची जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. दोन्ही वायरी आत्ता, या क्षणी बदलून टाकाव्यात असंही वाटलं. ती जागची हलली नाही.

जयवंत खाली उतरला. तिने पुढे केलेला हात त्याने धरला नाही. दाराला धरून उतरला. मग झोळीतल्या हाताच्या बोटांत कडी अडकवून डाव्या हाताने त्याने गणपतीच्या कीचेनमधून किल्ली सोडवली. वेळ लागला. कीचेन खिशात टाकलं आणि किल्ली तिच्या काळ्या झालेल्या तळहातावर ठेवली.

"हर्षदला बोलावून घे. घेऊन जाऊ दे त्याला."

"अहो..."

तो वळला, घराच्या पायरीपर्यंत गेला. तिथे भिंतीला हात टेकून थांबला. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

"आणि त्याला सांग, पहिली आणि दुसरी वायर उलटी लागलीय. नायतर तो बिचारा उगाच नवे प्लग आणत बसेल."