कुठला पाय पुढे

"ही तुला ओळखते का रे?" सर्फिंग शिकवणाऱ्या डालिसकडे बघत यामिलेतनं नवऱ्याला तिसऱ्यांदा विचारलं.

"संशयाला औषध नाही बघ," रोखेलियो वैतागला. "बोकासच्या बेटावर मी जन्मात पहिल्यांदाच पाय ठेवतोय."

यामिलेतनं समुद्राकडे तोंड फिरवलं. उगीच सुट्टीचा विचका नको.

एवढ्यात तिला कोणीतरी मागून ढकललं. ती पडता पडता सावरली. वळून पाहते तर डालिस वाकून तिची पावलं न्याहाळत होती.

"राग मानू नको गं. नवख्याला ढकलल्याशिवाय कळतच नाही. तोल जाताना जो पाय पुढे पडतो, तोच फळीवर पुढे. तुझा डावा पडला. म्हणजे दोरी मागच्या, उजव्या पायाला."

तिनं यामिलेतच्या उजव्या घोट्याला फळीच्या दोरीचा पट्टा आवळला. मग रोखेलियोसमोर गुडघे टेकले आणि त्याचा डावा घोटा हातात घेतला.

"ह्याला नाही ढकलायचं?" यामिलेतनं शांतपणे विचारलं.

डालिसचे हात पट्ट्यावरच थबकले. रोखेलियो आपल्या पायांकडे असा बघत राहिला, जणू तेही त्यानं जन्मात पहिल्यांदाच पाहिले.