भरवशाचा माणूस

वरच्या फळीवरून अख्तीने तापलेल्या दगडांवर डबाभर पाणी ओतलं. वाफ उसळली. खालच्या फळीवर इल्मारी डोळे मिटून बसला होता. आघाडीच्या मागे, तळ्याकाठी, जवानांनीच ही लाकडाची सौना, म्हणजे वाफ घ्यायची खोली, उभी केली होती. हुद्दे कपड्यांबरोबर बाहेर खुंटीला. आत खोटं बोलायचं नाही, ही फिनी माणसांची जुनी रीत.

"काल माझे आकडे चुकले होते का रे?" अख्तीने विचारलं.

टेकडीवरून शत्रूची जागा फोनवर कळवायची आणि तोफांचा मारा मागायचा, हे त्याचं काम. काल त्याने घसा बसेपर्यंत मारा मागितला. तो आला तेव्हा वाचवायला फारसं कोणी उरलं नव्हतं. फोन सांभाळणारा रेइनो तर त्याच्या मांडीवरच गेला. तेव्हापासून एकच किडा डोकं कुरतडत होता. जागा सांगताना आपणच चुकलो असू.

"आकडे चोख होते तुझे," इल्मारी म्हणाला. "तोफा मोकळ्या नव्हत्या. मागणाऱ्यांची रांग लागली होती."

ती रांग लावायचं काम इल्मारीकडेच होतं. गणितातला हुशार माणूस म्हणून मुद्दाम नेमला होता त्याला. हेलसिंकीत दोघं एका खोलीत राहून शिकले. पावाच्या रांगेत कडाक्याच्या थंडीत उभा राहायचा अख्ती, आणि चुलीपाशी बसून गणितं सोडवायचा इल्मारी. पाव मात्र निम्मा निम्मा.

"पण सगळ्यांच्या आधी मागितलं होतं मी."

"आधी येईल त्याला आधी, हे आता बंद केलंय. मदत नाही मिळाली तर ज्या खंदकातली माणसं पळतील, त्यांना आधी. म्हणून तर काल आघाडीची फळी फुटली नाही. कर्नलसाहेब जाम खूश आहेत."

"आणि सगळ्यात शेवटी?"

इल्मारीने डोळे उघडले नाहीत. "कितीही ताटकळत ठेवलं तरी जो जागा सोडणार नाही, तो."

"ते तुला कसं कळलं?"

"कळायचं काय त्यात? पावाची रांग सोडून तू कधी परत आलायस का?"

आकडे चुकले असते तर किती बरं झालं असतं, असं अख्तीला वाटलं. तो खाली उतरला, त्याने दार ढकललं.

"अरे, थांब ना जरा," इल्मारी म्हणाला.

अख्ती थांबला नाही.