डोळे उघडायच्या आत

म्हाताऱ्या एवारिस्तोने मेंढीची मान काखेत दाबून धरली आणि डोळे न उघडलेलं कुत्र्याचं पिल्लू तिच्या सडाला लावलं. मेंढीने लाथ झाडली. पिल्लू मात्र असं चिकटलं, जणू त्याच्या सात पिढ्या मेंढीच्याच दुधावर पोसल्या होत्या. कुंपणाबाहेर मोरा, पिल्लाची आई, जमीन उकरत होती. म्हातारा तिच्याकडे पाठ करून बसला होता.

"एवढंसं? आत्ताच तोडलंत आईपासून?" रुफिनाने विचारलं.

रुफिना त्याची थोरली. दुष्काळाच्या साली नदीपलीकडे धर्ममातेच्या घरी वाढायला दिलेली. आज त्या घरासाठी मोरा कुत्रीचं एक पिल्लू निवडायला आली होती. ती आल्यापासून म्हाताऱ्याच्या तोंडाला खळ नव्हता. आपण गप्प बसलो तर ही भलतंच काही विचारेल, अशी त्याला धास्ती.

"रखवालीचं कुत्रं असंच घडतं, पोरी. डोळे उघडायच्या आत न्यायचं. पहिली दिसेल ती मेंढी. मग सख्खी आई समोर आली तरी तिच्यावर गुरगुरतं, बघ."

"आणि आमचं?"

"तुमचं घरातलं. ते दोन महिने आईपाशी राहू दे. भावंडांशी भांडू दे, आईचे चावे खाऊ दे. मग खुशाल ने."

"आणि त्याहून उशीर झाला तर?"

इथे म्हातारा खुलला.

"मग त्याला घर आठवतं! आमच्या सार्हेंतो कुत्र्याचं ऐक. चांगला जाणता झाल्यावर नदीपलीकडच्या एका मालकाला दिला. रिओ नेग्रोला हा पूर! तर पठ्ठ्या वाहत चाललेल्या गाईच्या पाठीवर बसून इकडे आला. दारात उभा, तोंडात मालकाचा बूट. आणि त्या बुटात..."

"मालकाचा पाय होता म्हण," रुफिनाची आई दोमितिला 'माते' या कडू चहाच्या भोपळ्यात गरम पाणी ओतत म्हणाली. "पोरी, तुझ्या बापाच्या गोष्टींतली निम्मी कुत्री अजून जन्मायची आहेत."

"पाय नव्हता, मासा होता! जिवंत!"

रुफिना खळखळून हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. म्हाताऱ्याच्या छातीवरचा धोंडा जरा हलला.

"मग? परत धाडलंत त्याला?"

"छे! मालक स्वतः आला न्यायला. मी म्हटलं, साहेब, दुसरं पिल्लू न्या. एवढी वाट तुडवून जे दाराशी येतं, त्याला माघारी धाडू नये. धाडणाऱ्याचं भलं होत नाही."

दोमितिला ओततच राहिली. पाणी भोपळ्यावरून तिच्या बोटांवर ओघळलं, तरी तिने हात काढला नाही.

रुफिनाने पिल्लाच्या मिटलेल्या डोळ्यांवरून हलकेच बोट फिरवलं.

"मी दोनदा आले होते, बाबा," ती म्हणाली. "दोन्ही वेळा तुम्ही मला घोड्यावर पुढ्यात बसवून माघारी नेलंत. वाटभर हीच गोष्ट सांगत होतात. फक्त तेव्हा गोष्टीच्या शेवटी सार्हेंतो त्या मालकाच्या घरी सुखाने राहायचा."