यादीतली चूक

‘हा पत्ता सापडत नाही,’ असं पडद्यावर चौथ्यांदा उमटलं तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बस पाचची होती. मुलगी पायात चपला घालूनच कॉम्प्युटरपुढे बसली होती आणि भरलेली बॅग दाराशी उभी होती.

कॉम्प्युटर म्हणजे बारा वर्षांचं जुनं खोकं. छापखाना बंद पडला तेव्हा वडील ते घरी घेऊन आले होते. जड काही टाकलं की त्याला धाप लागायची, म्हणून तिने विंडोज काढून त्यावर लिनक्स ही अगदी हलकी प्रणाली बसवली होती. आता त्यात समोरासमोर बघून बोलायचं एक सॉफ्टवेअर तेवढं टाकायचं राहिलं होतं. फोन द्यावा तर वडील तो असा धरायचे, की पलीकडच्याला नुसतं छत दिसायचं. ‘ते चालू झाल्याशिवाय बाबांना एकटं सोडायचं नाही,’ असं परदेशातल्या दादाने बजावलं होतं. सांगायला त्याचं काय जातंय.

वडिलांचा पाय मोडला तेव्हा तीन महिन्यांसाठी म्हणून आलेली ती दोन वर्षं इथेच होती. आता कुठे नोकरी लागली होती, तर हजर व्हायची तारीख दोनदा पुढे ढकलून झाली. उद्या सकाळी आला नाहीत तर जागा दुसऱ्याला देऊ, असं त्यांनी स्वच्छ लिहून कळवलं होतं.

सॉफ्टवेअर कुठल्या कुठल्या पत्त्यांवरून आणायचं, याची एक यादी कॉम्प्युटरमध्ये असते. इनमिन सहा ओळी. त्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं, की यंत्र हात वर करतं. गेल्या सोमवारी पहिल्याच शब्दापुढे एक टिंब निघालं. ते शोधण्यात बस गेली, तिकीट बदलावं लागलं. गुरुवारी एका जोडशब्दाचे दोन तुकडे झालेले. पुन्हा तिकीट बदललं. दोन्ही वेळा तिला वाटलं, आपलीच बोटं घसरली, डोकं ठिकाणावर नाही आपलं. आज रविवार, आणि आज परत तेच.

वडील मागे खुर्चीत, वॉकर जवळ ओढून बसले होते. चाळीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून काम केलेला माणूस. अजूनही औषधाच्या खोक्यावरचं ऱ्हस्व-दीर्घ पेन्सिलीने सुधारल्याशिवाय गोळी गिळायचे नाहीत.

“मिळाली का चूक?”

“नाही ना.”

“घाईघाईत कशी मिळेल? बोट ठेवून वाच, ठमे. शब्द वाचू नकोस, अक्षरं वाच.”

तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर वाचत गेली. तिसऱ्या ओळीत, पत्त्याच्या मधोमध, एल या अक्षराच्या जागी एकचा आकडा होता. दोघे दिसायला अगदी जुळे. तिने आकडा खोडून अक्षर घातलं आणि बटण दाबलं. गाडी थोडी पुढे सरकली आणि पाचव्या ओळीवर अडली. तिथे ओच्या जागी शून्य होतं.

तिचा हात थांबला. एल कुठे, एक कुठे. कीबोर्डवर दोघांच्या जागा लांब लांब. घसरलेल्या बोटाकडून अशी चूक होत नाही. कुठलं अक्षर डोळ्याला फसवतं हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्याच्याच हातून ती होते. आणि यादीत बदल करायला लागणारा पासवर्ड तर तिनेच वडिलांच्या वहीत ठळक अक्षरांत लिहून दिला होता, अडीअडचणीला असावा म्हणून.

ती खुर्चीसकट मागे वळली.

“बाबा, ही यादी तुम्ही उघडली होतीत?”

“मी कशाला उघडू? मला काय कळतंय त्यातलं?”

“बाबा.”

वडिलांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला.

“ते पहिलं टिंब मी चांगल्या मनाने दिलं होतं,” ते म्हणाले. “बघत बसलो होतो, तू कसं करतेस ते. शब्दाचा संक्षेप होता तो, आणि पुढे टिंब नाही. मला राहवेना. यंत्र अडून बसेल हे मला काय माहीत!”

“आणि बाकीच्या चुका?”

वडील वॉकरच्या दांडीवरचं रबर नखाने खरवडत राहिले.

“सोमवारी तू तिकीट बदललंस,” ते म्हणाले.

तिला राग आला. दार सताड उघडं होतं, तिला कोणी हात धरून थांबवलं नव्हतं, रागाचा एक शब्दही कोणी बोललं नव्हतं. तरी आपल्याला इथे कोंडून ठेवलंय असं तिला वाटलं. दोन वर्षांत ती पहिल्यांदाच घाबरली, आणि तीही या म्हाताऱ्या, लंगडत चालणाऱ्या माणसाला.

“चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढल्यात तुम्ही,” ती म्हणाली.

“म्हणून तर घालता येतात.”

ती पुन्हा पडद्याकडे वळली. शून्य खोडून ओ लिहिला. यंत्र थोडा वेळ घुमलं आणि परत अडलं. बाहेर कुणाची तरी रिक्षा येऊन थांबली आणि निघून गेली.

“बाबा, खरं सांगा,” मागे न बघताच तिने विचारलं, “अजून किती आहेत?”

वडिलांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पानं मोजून हिशोब सांगावा तितक्या शांतपणे ते म्हणाले,

“बस सुटेपर्यंत पुरतील तेवढ्या.”